बाहीतली कमची

चैत्र लागला की जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमागे मोहाचा वास येतो. झाड नेमकं कुठे आहे ते मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. पहाटे दार उघडलं की तो गोड, जरासा आंबूस वास अंगावर येतो आणि मी दरवर्षी म्हणते, "आला बाप्पा एप्रिल!" यंदाही वास आला. नाकाला कळलं, पण माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. मी दूध तापत ठेवलं आणि यांचा डबा भरायला लागले.

दादा हिवाळ्यात गेला. माझा मोठा भाऊ जयवंत. धान चुरून झालं, पोती घरात आली, आणि सगळं आटोपल्यावर एका दुपारी तो खाटेवर पडला तो उठलाच नाही. मी गावी गेले, वहिनीला धरून बसले, आल्यागेल्याला चहा दिला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कोणाला वरण कमी पडलं, कोणाला भात, ते माझ्याच ध्यानात होतं. रडू तेवढं आलं नाही. लोक म्हणाले, कांताबाई मोठ्या धीराच्या. धीर कसला कपाळाचा! आत काही हलतच नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय जसा आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं माझं झालं होतं, आणि तेव्हापासून तसंच आहे.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे जयंती. कोणाची, ते या मुलखात कोणाला सांगावं लागत नाही. निळा कोट, गोल चष्मा, कोटाच्या खिशाला पेन, बगलेत जाड पुस्तक आणि वर उचललेलं बोट. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या भिंतीवरचं जुनं सगळं उतरलं आणि तिथे हा एक फोटो लागला. त्याच्या शेजारी एका बाईंचाही होता. मुलींची शाळा चालवायला जाताना ज्यांच्या अंगावर लोक शेण फेकत, त्या. आजी रोज दोघांच्या काचा पदराने पुसायची आणि पुसताना त्यांच्याशी बोलायची. आज ऊन लय आहे, धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले, पोट्ट्याले ताप आला, असं काहीबाही.

फोटोतली ही माणसं कधी दमत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत कचरा जात नाही, त्यांना तहान लागत नाही. शाळेत आम्ही निबंध लिहायचो, त्यात सगळेच महापुरुष लहानपणापासून धाडसी असायचे. एकाच्याही निबंधात पाय कापल्याचं लिहिलेलं मला आठवत नाही. आम्ही मात्र फळ्यापुढे भाषणाला उभे राहिलो की फ्रॉकचं टोक चोळून चोळून चुरगळून टाकायचो. मग वाटायचं, ही माणसं वेगळ्याच मातीची. आपण टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावं.

आमचं गाव दिघोरीकडे, तलाव आणि धानाच्या बांध्यांच्या मधे वसलेलं. तिथली जयंतीची मिरवणूक म्हणजे झांकी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला निळं कापड लावायचं, थर्माकोलचं घर करायचं, आणि पुढे कोट घालून एक जिता माणूस उभा करायचा. झांकीतल्या माणसाचा नियम एकच. बोलायचं नाही, हसायचं नाही, हात खाली करायचा नाही. एप्रिलचं ऊन, लोकरीचा कोट, गाव हिंडून होईस्तोवर हात वर. पोरं ट्रॉलीबरोबर चालत त्याच्या पापण्या निरखायची. "हालला बे, हालला!" असं कोणी ओरडलं की त्या माणसाची वर्षभर टिंगल. दादा पहिल्यांदा उभा राहिला त्या वर्षी ट्रॉलीला हिसका बसला, तो डगमगला आणि हात धपकन खाली आला. नेमका पानठेल्यासमोर. पुढचं सालभर तो पान खायला गेला की पोट्टे एक हात वर करून दाखवायचे.

म्हणून दुसऱ्या वर्षी त्याने डोकं चालवलं. मी तेव्हा कॉलेजात होते, सुटीला घरी आले होते. मिरवणुकीच्या आधी त्याने मला ट्रॉलीच्या पडद्यामागे बोलावलं. हातात बांबूची एक कमची होती, टोपल्या विणायला चिरतात तसली, पण रुंद.

"हे माह्या बाहीत घाल," तो म्हणाला. "वरतं मनगटाले बांध, खालतं कमरेले. अन् कमर मागच्या सळाखीले. मंग पाहू कोन म्हनते हालला."

"अन् लघवीले लागली तं?"

"गप न वो बाई! बांध."

मी बांधलं. मनगटाला सुतळी, कमरेला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी, आणि गाठी अशा मारल्या की बैलालाही सुटू नयेत. वरून कोटाची बाही ओढली, पाठीमागे निळं कापड सारखं केलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. हात तर असा उठला होता की दादा मलाच एकदम अनोळखी वाटला. हसू यायला हवं होतं, पण मी नकळत हात जोडले.

आता त्या दिवसाचं सांगते. गावभर ते सगळ्यांना पाठ आहे, पण गावाला अर्धंच माहीत आहे.

आमची मिरवणूक दरवर्षी बाजाराच्या तोंडाशी यायची आणि तिथून वळून तलावाच्या पाळीवरून मागच्या मागे घरी जायची. बाजाराच्या गल्लीतून कधी गेलीच नव्हती. कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण होतं तसं. त्या साली बाजारात सिमेंटचा नवा रस्ता झाला आणि आमच्या पोट्ट्यांनी ठरवलं, यंदा सरळ जायचं. रस्ता सरकारी, आपण काय कोणाच्या अंगणातून जाऊन राहिलो का? मोठी माणसं गप्प बसली. नाही म्हणायची त्यांना लाज वाटली आणि हो म्हणायची भीती.

गल्लीच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर आडवा लावलेला होता. त्याच्यापुढे दहापाच माणसं. "दरसाल पाळीवरून जाता, यंदा काहून इकडून?" अशी सुरुवात झाली आणि मग आवाज चढले. आमच्या भोंग्यावर गाणं, तिकडे शिव्या, जनरेटरची घरघर, कोणाचंच कोणाला ऐकू येईना. तेवढ्यात एक दगड आला आणि थर्माकोलच्या घरातून आरपार गेला. दुसरा दादाच्या भुवईवर बसला. आणि पळापळ झाली. मी खोटं कायले सांगू, आमचेच आधी पळाले. रस्ता सरळ पाहिजे म्हणणारे पोट्टे पाळीकडे गेले, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उडी मारून पसार झाला. आम्ही बाया मागे होतो, आम्हीही फिरलो. उन्हात ती ट्रॉली तेवढी उरली आणि तिच्यावर दादा. भुवईतून रक्त वाहत होतं, चष्मा नाकावर आला होता, हात वर होता, आणि तो ओरडत होता, "सोडा! सोडा!"

बुधाबाई म्हणून आमच्या गल्लीतली म्हातारी होती. तिने मागे वळून पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"अवो, पळता कुठं?" ती कडाडली. "तो पोट्टा एकटा उभा आहे, रगत निंगून राहिलं, तरी म्हनून राहिला रस्ता सोडा! अन् तुमी घर गाठून राहिल्या?"

आणि पदर खोचून ती उलटी चालायला लागली. मग दुसरी, तिसरी, मग मी. आम्ही बायांनी ट्रॉलीला वेढा घातला आणि आम्हीही ओरडायला लागलो, "सोडा! रस्ता सोडा!" माझा आवाज इतका लागला होता की नंतर मला पाणी गिळता येईना. बाया उभ्या राहिलेल्या पाहून पाळीवरचे पोट्टे खाली मान घालून परत आले. ठाणेदार आले. बरीच बाचाबाची झाली आणि शेवटी तो ट्रॅक्टर बाजूला झाला. आमची झांकी बाजाराच्या रस्त्याने गेली. तेव्हापासून ती त्याच रस्त्याने जाते.

संध्याकाळी दादाच्या गळ्यात एवढे हार होते की त्याचं तोंड दिसेना. त्याच्या भुवईला चुना लावलेला. बुधाबाईने तर त्याच्या पायाला हात लावला. तो "नाई, नाई" म्हणत, हात तसाच वर, मागे सरत होता, आणि लोक म्हणत होते, पाहा, केवढं केलं अन् तरी केवढा नम्र. शेवटी तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला, दार लावलं आणि म्हणाला, "सोड आता तरी."

मी कोट काढला. कमरेची गाठ कोणीतरी मघा ट्रॉलीवरून उतरवताना कापली होती, गर्दीत कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मनगटाची सुतळी मांसात रुतली होती. मी ती दातांनी सोडवली, कमची ओढून काढली, तरी हात वरच. तो खाली येईचना. दादा आधी हसायला लागला आणि मग तसाच रडायला लागला.

"बाई, मी 'मले सोडा' म्हनून बोंबलून राहिलो होतो," तो म्हणाला. "मले पळायचं होतं वो! पहिला दगड आला तवाच मले उडी मारायची होती. तुह्याच नावानं ओरडत होतो, सोड कांते, सोड. अन् तू माह्याच तोंडाकडे पाहून 'सोडा, सोडा' करून राहिली!"

मी तेल घेऊन त्याचा खांदा चोळत बसले. हाताला चिमटा काढला तर त्याला कळत नव्हतं. बाहेर त्याच्या नावाच्या घोषणा चालल्या होत्या. त्या ऐकत तो म्हणाला, "कोनाले सांगू नको. त्याईनं खरं मानलं आता."

मी सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणजे, हसायची नव्हे. गावाने दादाला धरलं. कोणाचं रेशन अडलं, जयवंताले बोलवा. कोणाच्या पोरीला सासरी मारलं, जयवंत येते का पाहा. बांधीच्या पाण्यावरून भांडण, तहसीलचं काम, शाळेतला मास्तर पोराला काही बोलला, सगळीकडे जयवंत. आणि तो जायचा. घरातून निघायच्या आधी दोनदा परसाकडे जाऊन यायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, मी माहेरी असले की मला म्हणायचा, "बाई, मले लय भेव लागून राहिला." मी म्हणायचे, मग नको जाऊ. तो म्हणायचा, "आता न जाता कसं जमते? त्याईनं पाहिलं न मले." साहेबाच्या टेबलापुढे उभा राहिला की त्याच्या पायजम्याचे पाय थरथरायचे, ते मी स्वतः पाहिलेत. पण बोलायचं ते बोलून यायचा. एकदा माझ्यासमोर त्याला कोणी धमकी दिली. घरी येऊन तो उलटी करून निजला आणि सकाळी उठून परत तिथेच गेला.

पुढच्या वर्षी मी विचारलं, कमची आणू का? तो म्हणाला, नको. "एकदा फसवलं, आता फसवता येत नाई." त्यानंतर दरवर्षी तो बिनआधाराने उभा राहिला. हात थरथरायचा, पण वर असायचा. म्हातारपणी त्याचा तो खांदा इतका धरला होता की वहिनीला त्याचा सदरा काढून द्यावा लागे.

कधी कधी मला वाटतं, भिंतीवरच्या त्या दोघांच्याही घरी कोणी असेल, ज्याला त्यांच्या कापणाऱ्या पायांचं ठाऊक असेल. शेण अंगावर आल्यावर ती बाई त्या दिवशी घरी जाऊन किती वेळ अंग धूत बसली असेल, आणि दुसऱ्या सकाळी तिला उठावंसं वाटलं असेल का. कोणी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर आमच्या निबंधात गुण कमी पडले असते. पण मला तरी दादाचं कळल्यापासून ते फोटो जास्त जवळचे वाटायला लागले.

यंदा मोहाचा वास आला त्याच आठवड्यात शालिकभाऊचा फोन आला. तो आमच्या जयंती मंडळाचा अध्यक्ष, दादाचा जुना सोबती. दादाच्या जागी यंदा प्रज्ञाला उभं करायचं ठरलं होतं. प्रज्ञा म्हणजे दादाची मुलगी, भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. "काही म्हातारे कुरकुर करून राहिले, का पोट्टी कोट घालीन का म्हनून," तो म्हणाला. "मी म्हटलं, कोट पोट्ट्यानंच घालायचा असं, ज्याईचा कोट आहे त्याईनं कुठं सांगतलं? बापाचं रगत आहे. तुमी या फक्त." मी बरं म्हटलं. वाईट वाटलं नाही, चांगलंही वाटलं नाही.

दोन दिवसांनी प्रज्ञा स्वतःच माझ्या दारात. शहापूरच्या स्टॉपवरून ऑटोने आलेली, तोंड उतरलेलं. यंदा गावात पुन्हा कुजबुज होती. मिरवणुकीच्या रस्त्यावरून मोबाइलवर काही वाईटसाईट मेसेज फिरले होते, पोलिसांनी दोन्हीकडच्यांना बोलावून बैठकही घेतली होती.

"आत्या, मले नाई जमत," ती म्हणाली. "सारे म्हणून राहिले, बापासारखी उभी राहजो. बाबाचा हात नाही हालला, तुहाही हालला नाही पाहिजे. मले आतापासूनच मळमळून राहिलं. मी बाबासारखी नाही. मी नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील? वाघाच्या पोटी शेळी?"

मी चहा टाकला. दादाला दिलेला शब्द होता, आणि दादा नव्हता. ही पोरगी त्या न हललेल्या हाताखाली चिरडली जात होती. उभी राहिली असती तर खोट्या गोष्टीतल्या बापासारखी आणि नाही म्हणाली असती तर जन्मभर त्याच्यापुढे मान खाली घालून. मी तिला कमची सांगितली, सुतळी सांगितली, "सोडा" सांगितलं.

ती आधी खो खो हसली. मग एकदम भडकली.

"म्हणजे सारं खोटंच? मी लहानपणापासून ऐकून राहिली ते?"

"त्या एका दिवसाचं खोटं," मी म्हटलं. "त्याच्यानंतरचं सारं खरं. अन् तुहा बाप जनमभर भेत होता वो. रोज. तुले नाही सांगतलं, मले सांगत होता."

"अन् तरी जात होता?"

"दोनदा परसाकडे जाऊन जात होता."

तिने चहा तसाच ठेवला. तिचे डोळे भरले. माझे नाही. जाताना दारात म्हणाली, "उभं राहायचं का नाही, ते मी सांगीन," आणि ऑटोत बसली.

जयंतीला मी गेले तेव्हा ती कोटात होती. कोट तिला खांद्यांत मोठा, बाह्या दुमडलेल्या, वेणी आत खुपसलेली. वहिनी तिला पाहून भिंतीला टेकून बसली. बाहीत काही नव्हतं, मी हात घालून पाहिलं. "नाही बांधलं," ती म्हणाली. तिचा तळवा गार होता. मिरवणूक निघाली, डीजेने छाती दणाणायला लागली, मी ट्रॉलीच्या बाजूने चालत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. ऊन होतं एवढं कळत होतं.

बाजाराच्या तोंडाशी पोलीस उभे होते. गल्लीतली माणसं ओट्यांवर हाताची घडी घालून उभी. डीजे बंद करायला लावला आणि एकदम इतकं शांत झालं की ट्रॅक्टरचं इंजिन ऐकू यायला लागलं. सगळ्यांचे डोळे प्रज्ञाच्या हातावर. मग तो खाली आला. धपकन नाही, हळूच, तिने स्वतः आणला. कोणीतरी "अरे!" म्हणालं. तिने चष्मा काढला, बाहीने घाम पुसला, ड्रायव्हरला म्हणाली, "थांबव जरासा," आणि खांदा चोळत उभी राहिली. सगळ्या गावासमोर, दोन्हीकडच्या लोकांसमोर. ओट्यावरच्या एका बाईने घरातून तांब्या आणून दिला, ती पाणी प्याली. मिरवणूक तिच्यासाठी थांबून राहिली. मग तिने चष्मा लावला आणि दुसरा हात वर केला.

आणि माझ्या आत काहीतरी सुटलं. मी भर रस्त्यात, पोलिसांच्या पुढ्यात, ट्रॉलीचा फळका धरून हुंदके द्यायला लागले. दादा गेला वो, माझा दादा गेला, एवढंच तोंडातून येत होतं. शालिकभाऊ धावत आला.

"काहून रडता बाई?" तो म्हणाला. "पोट्टीनं केला न हात वर!"

"खाली केला म्हणून रडून राहिली," मी म्हटलं.